चष्मा, पॅच आणि पस्तीस एमएम

प्रश्न: नमस्कार ताई, पाच वर्षं डिजिटलवर रस्त्यावरचे फोटो काढतोय, आता फिल्मचा रेंजफाइंडर (फाइंडरच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) घ्यायचं पक्कं केलंय. माझी नजर ३५ एमएमवरच बसलीये, दुसरी लेन्स लावली की चुकल्यासारखं होतं. चष्मा आहे. यादीत लायका एम३, एम६, झोर्की ४ आणि कॅनोनेट असे चार आहेत. मित्र म्हणतात डोळे झाकून एम३ घे, तसा फाइंडर परत झाला नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या दोनच गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत, ३५ एमएम आणि चष्मा, आणि मित्रांनी नेमक्या त्याच दोन सोडून सल्ला दिलाय. एम३चा फाइंडर सुंदर आहे यात वादच नाही, १९५४चा कॅमेरा, मॅग्निफिकेशन ०.९१ (दृश्य जवळजवळ खऱ्या आकाराचं), म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर फ्रेम हवेत तरंगल्यासारखी दिसते. पण त्यात फ्रेमलाइन्स, म्हणजे फोटोत कुठपर्यंत येणार ते दाखवणाऱ्या रेषा, आहेत ५०, ९० आणि १३५च्या. ३५ नाहीच! मग एकतर पुढे चष्म्यासारखी भिंगं जोडलेली खास ३५ची लेन्स शोधा नाहीतर वर वेगळा फाइंडर बसवा, म्हणजे फोकस एका खिडकीतून आणि फ्रेम दुसऱ्या खिडकीतून, आणि रस्त्यावर तेवढ्यात माणूस निघून गेलेला असतो.

झोर्की ४चंही तेच, त्याच्या फाइंडरमध्ये ५० एमएमचंच दृश्य दिसतं, फ्रेमलाइन्स नाहीत. चष्म्याचा नंबर जुळवायला डायॉप्टरचा लिव्हर आहे तो मात्र चष्मेवाल्यांना खरंच उपयोगी आहे. घेतलाच तर आधी शटर चढवायचं, मगच स्पीड बदलायचा, उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

आता चष्म्याचं बघा. चष्म्यामुळे डोळा आयपीसपासून (फाइंडरला डोळा लावायच्या काचेपासून) लांब राहतो, म्हणून कडेच्या रेषा दिसत नाहीत, मान हलवून शोधाव्या लागतात. मॅग्निफिकेशन जितकं कमी तितकी ३५ची फ्रेम आरामात दिसते. लायका एम२ आणि साधा एम६ दोन्ही ०.७२चे, त्यात ३५ चष्म्यातून बहुतेक सगळी दिसते (एम६ची २८ मात्र कठीणच). एम२मध्ये प्रकाश मोजणारं मीटर नाही, पण फ्रेम एका वेळी एकच दिसते आणि ते इतकं स्वच्छ वाटतं की मला आजही तो एम६पेक्षा आवडतो, एम६मध्ये ३५ लावली की १३५ची चौकट पण सोबत येते. जुन्या एम बॉडीची आयपीसची रिंग धातूची असते, चष्म्याची काच ओरखडते, तिच्यावर पातळ रबरी रिंग चिकटवून घ्या. आणि चष्मेवाल्यांसाठी खास दोन नावं सांगते जी तुमच्या यादीत नाहीत: एम६ टीटीएलचं ०.५८वालं मॉडेल आणि फोइक्टलँडरचा बेसा आर४एम, ०.५२चा, त्यात तर २१पासून ५०पर्यंत फ्रेम्स आहेत. मॅग्निफिकेशन कमी म्हणजे फोकसची अचूकता पण थोडी कमी, पण ती जाणवते ५० एमएम एफ १.४ वर अपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडून काढताना, एफ ८ला ३५वर तुम्हाला कळणारही नाही.

पण रेंजफाइंडरमधून याआधी कधी बघितलंच नसेल तर मी म्हणेन आधी कॅनोनेट क्यूएल१७ जी३ घ्या आणि दहा रोल काढा. लेन्स ४० एमएम एफ १.७, तुमच्या ३५पासून फार लांब नाही. लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं शटर) असल्यामुळे आवाज इतका बारीक की शेजारचा माणूस वळूनही बघत नाही. बॅटरी जुनी १.३५ व्होल्टची पाऱ्याची होती, ती आता बनत नाही, कानाच्या मशीनच्या १.४ व्होल्टच्या झिंक एअर सेलवर मीटर बरोबर चालतं. मॅन्युअलवर मीटर बंदच होतं, पण शटर यांत्रिक आहे, बॅटरी नसली तरी चालतं. मग ४०० आयएसओची फिल्म, कडक उन्हात १/५०० आणि एफ १६, मोकळ्या सावलीत एफ ५.६, एवढं पाठ असलं की पुरे.

हातात घेतल्यावर पहिलं काय बघायचं? पॅच! बाकी सगळं नंतर. फाइंडरमधला हा चौकोन, ज्यात दोन प्रतिमा जुळवायच्या असतात, फिकट पडला असेल तर अंधाऱ्या गल्लीत दोन प्रतिमा जुळवता येणारच नाहीत. लेन्स अनंतावर ठेवून लांबच्या खांबाकडे बघा, दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत, एक वर एक खाली असेल तर दुरुस्ती आली. फिकट पॅचवर तात्पुरता उपाय म्हणजे फाइंडरच्या काचेवर बाहेरून मधोमध काळ्या टेपचा छोटा तुकडा, पॅच एकदम उठून दिसतो.

प्रश्न: ताई, माझ्याकडे एम२ आणि ३५ आहे. पॅच जुळवेपर्यंत प्रसंग संपतो. वेग कसा वाढवू?

उत्तर: दिवसा जुळवूच नका. एफ ८, अंतर २.५ मीटर लावून ठेवा, साधारण १.७ पासून ५ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. एफ ११ आणि ३ मीटर ठेवलं तर १५ मीटरपर्यंत जातं. घरात खुर्ची, दार, भिंत यांची अंतरं टेपने मोजून आधी डोळ्याने अंदाज करायची सवय लावा, आठवडाभरात अडीच मीटर म्हणजे किती हे कळायला लागतं. पॅच संध्याकाळसाठी आणि उघड्या अपर्चरसाठी ठेवा.

आणि एक, तुमच्या एम२च्या शटरचा पडदा कापडी आहे. मोकळ्या वेळात लेन्स सूर्याकडे तोंड करून ठेवू नका, मध्ये आरसा नाही, ऊन थेट कापडावर एकवटतं आणि भोक पडतं. माझ्या पहिल्या बॉडीचं असंच झालं, टाचणीएवढं भोक, आणि चार रोल धुऊन आल्यावर प्रत्येक फ्रेममध्ये तो पांढरा ठिपका बघितला तेव्हा समजलं. कॅमेरा टांगून चालताना कॅप लावा, फक्त काढायची आठवण ठेवा, कारण फाइंडरमध्ये कॅप लावलेली दिसत नाही.