कोरोनात ऑर्डरी थांबल्या, म्हणून मुलीनं निर्यातीत जाऊ नये?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत आहात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परदेशी ऑर्डरी थांबल्या आणि घरी बसावं लागलं. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी आयात-निर्यातीचं नाव काढते तेव्हा पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. तुमची भीती रास्त आहे. तरीही मी मुलीच्या बाजूनं आहे.

मोजक्या गोष्टींवर जगणाऱ्या देशाला रोगाची साथ फार जड जाते. श्रीलंकेत डॉलर यायचे ते मुख्यतः तयार कपडे, चहा, पर्यटक आणि परदेशी राबणाऱ्यांकडून. २०२० मध्ये पर्यटक थांबले, कपड्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. डॉलर वाचवायला सरकारनं गाड्यांची आयात रोखली, आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेडच थांबवली. जुनं कर्ज आणि २०१९ ची करकपातही त्याला कारण होती. साथीनं सावरायला उसंत दिली नाही.

पण जगाचा मालव्यापार २०२० मध्ये सुमारे ५ टक्के घटला आणि २०२१ मध्ये त्याहून जास्त वाढला. तेव्हा कंटेनर मिळेनात. रिकामे कंटेनर अमेरिका-युरोपच्या बंदरांत अडकलेले, आणि सुटले की जास्त भाड्यासाठी आधी चीनकडे जाणारे. भाडी कित्येक पट झाली. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतला ओतीव माल, वजनाला जड आणि त्यामानानं स्वस्त, म्हणून भाड्याचा फटका मोठा. ज्यानं सीआयएफ दरानं, म्हणजे भाडं आणि विमा आपल्या अंगावर घेऊन, सौदा केला त्याचा नफा भाड्यातच गेला. एफओबीवाल्याचं भाडं गिऱ्हाइकाच्या माथी, पण जहाज मिळेपर्यंत माल पडून. करारावर सही होण्याआधी हे ओळखणारं माणूस प्रत्येक लहान कारखान्याला हवं. तुमची मुलगी ते होऊ शकते.

मात्र लगेच कोर्सची लाखोंची फी भरू नका. पदवीनंतर वर्षभर निर्यातदाराच्या किंवा कस्टम्स एजंटच्या ऑफिसात तिला कागदपत्रं हाताळू दे: शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची पावती), एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी). कंपनीचा माल किती देशांत जातो, हे तिनं मुलाखतीतच विचारावं; श्रीलंकेसारखी ती मोजक्यांवर विसंबून नाही ना, ते कळेल. गोडी टिकली तर कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा देऊन आयआयएफटी या परदेशी व्यापार शिकवणाऱ्या संस्थेसाठी प्रयत्न करावा. ‘आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढून देतो’ म्हणत हजारो रुपये मागणाऱ्यांना दारात उभं करू नका. सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

तिला कन्नड लिहिता-वाचता येतं का, ते पत्रात नाही. येत नसेल तर याच सुट्टीत सुरू करू दे. उद्यमबाग-मच्छेच्या ऑफिसांत कामाला येईल.