गाडीचा एसी नीट गार करतोय, तरी दरवर्षी सर्व्हिसिंग करून गॅस बदलावा लागतो का?

तुमची गाडी चार वर्षांची, जळगाव-धुळे नेहमीची ये-जा, एसीची तक्रार नाही. आणि वर्कशॉपमध्ये ‘उन्हाळ्याआधी एसी सर्व्हिस करा, गॅसही बदला’ असं सांगितलंय. माझं उत्तर असं: धूळ काढायचं काम दरवर्षी कराच, आपल्या खानदेशात तर त्याला पर्याय नाही. पण गॅस ही तारीख पाहून बदलायची वस्तू नाही. इंजिन ऑइल चालून चालून खराब होतं, म्हणून बदलतो. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, त्यामुळे तो खराब होत नाही. कमी होतो, तो गळतीनेच. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) शाफ्टच्या सीलमधून तो अगदी थोडा थोडा झिरपतो, आणि त्याचा परिणाम जाणवायला चांगल्या गाडीत बरीच वर्षं जातात. एका उन्हाळ्यात भरलेला गॅस दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत संपत असेल तर कुठेतरी लीक आहे. तो न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

निर्णय घेण्याआधी मोजून बघा. लांब दांडीचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. गाडी सावलीत लावा, काचा-दारं बंद, तापमान सगळ्यात थंडावर, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू, ब्लोअर मध्यम. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरा आणि दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर घाला. बाहेर ३० अंश असताना ६ ते १० अंश आले तर एसी उत्तम आहे. मे महिन्यात बाहेर ४४ असताना तीच गाडी १३-१५ दाखवेल; तो बिघाड नव्हे, बाहेरच्या उष्णतेचा परिणाम आहे. हा आकडा बाहेरच्या तापमानासकट डायरीत लिहून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत त्याच पद्धतीने मोजल्यावर पाच-सहा अंशांचा फरक दिसला तरच पुढे तपासणी. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसीची परीक्षा घेऊ नका. आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या.

आता कंडेन्सर. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं, असं माझं ठाम मत आहे. बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे जी जाळी दिसते तो कंडेन्सर. आतली उष्णता बाहेर टाकायचं काम त्याचं. महामार्गाची धूळ, किडे आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारे तंतू त्याच्या पत्र्यांत अडकतात. तंतू बसले की धूळ त्यांना धरून राहते आणि त्या जाळीवर चक्क करड्या नमद्यासारखा थर तयार होतो. हवा जाईना की आतल्या गॅसचं प्रेशर वाढतं, मग प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. बसलेल्या माणसाला वाटतं, गॅस संपला.

धुवायचा तो साध्या पाइपने, इंजिन थंड असताना, आणि शक्य असेल तिथे इंजिनच्या बाजूने बाहेर, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की बारीक पत्र्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. धुऊन झाल्यावर एसी चालू करून पुढे उभे राहा. मिनिट-दोन मिनिटांत पंखा फिरायलाच हवा. रस्त्यावर गार आणि रेल्वे फाटकावर थांबलं की गरम, हे लक्षण बहुतेक वेळा पंख्याचं किंवा तुंबलेल्या कंडेन्सरचं असतं.

केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो. पुस्तिकेत १०-१५ हजार किलोमीटर लिहिलेलं असलं तरी आपल्या धुळीत अर्ध्यावरच काढून बघा. हवा कमी येते पण येते ती गार, असं असेल तर फिल्टरच. बसवताना त्यावरचा बाण बघा. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांजवळून जाताना बाहेरची हवा बंद ठेवा, फिल्टरही वाचतो आणि घसाही. कुबट वास येत असेल तर डॅशबोर्डमागची कुलिंग कॉइल (हवा गार करणारी जाळी) ओली राहतेय. उतरण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद, ब्लोअर चालू ठेवा. गाडीखाली पाणी टपकणं चांगलं. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय.

गॅस तपासायचाच झाला तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: इंजिन बंद असताना गेज लावून ‘गॅस कमी आहे’ सांगता येत नाही. आर-१३४ए हा गाड्यांच्या एसीतला नेहमीचा गॅस ४० अंशाला साधारण १३० पीएसआय दाब दाखवतो, मग आत ४५० ग्रॅम असो की ३००. खरं उत्तर वजनच देतं. मशीनने सगळा गॅस बाहेर काढून ग्रॅम बघायचे आणि बोनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवायचे. लहान गाड्यांत तो आकडा साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. ४५०च्या गाडीत ४०० निघाले तर काळजी नाही. २५० निघाले तर लीक शोधा: जोडांवर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, कंडेन्सरच्या खालच्या कडेला तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह बदलल्यावर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं), मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघायचं. व्हॅक्यूम टाळला तर आत राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर (गॅस जिथे बारीक छिद्रातून जाऊन थंड होतो तिथे) बर्फ होते आणि तेलाबरोबर आम्ल तयार करते.

अंदाजे ‘थोडा मारून देतो’ हे नकोच. जास्त गॅसनेही कुलिंग घटतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. लीक बंद करणारं रसायनही घालू देऊ नका, ते बारीक वाटा तुंबवतं. नवीन गाडीत आर-१२३४वायएफ हा नवा गॅस असेल तर त्यात जुना आर-१३४ए चालत नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीचं कॉम्प्रेसर तेल वेगळं असतं, ती अधिकृत ठिकाणीच न्या.

हिवाळ्यात आपल्याकडे एसीला कोणी हात लावत नाही. तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, तेल फिरून शाफ्टचं सील ओलं राहतं.

तुमच्या गाडीसाठी फेब्रुवारीत कंडेन्सर धुणं, फिल्टर आणि थर्मामीटर एवढंच पुरे. गॅसचं काम निघालंच तर बिलावर किती ग्रॅम काढला, किती भरला आणि तेल किती घातलं हे लिहून मागा.