'रेट्रो' गाडी : जुन्या वळणाची की वळणावर गेलेली?

एका वाचकाने विचारलं आहे : "आमच्या गाडीवेड्या मित्रमंडळात ह्युंदाईच्या 'एन व्हिजन ७४' या कॉन्सेप्ट कारवर, म्हणजे विकायला नव्हे तर कल्पना दाखवायला बनवलेल्या नमुना गाडीवर, वाद झाला. सगळे तिला 'रेट्रो' म्हणत होते. मी मराठीत 'जुन्या वळणाची गाडी' असं लिहिलं, तर एकाने 'जुनाट' सुचवलं आणि दुसरा म्हणाला, सरळ 'व्हिंटेज' लिही. यातला बरोबर शब्द कोणता?"

तिन्ही शब्द मला इथे चुकीचे वाटतात. पण तुमच्या शब्दात बरोबर उत्तराचं बीज आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

'जुनाट' लगेच बाद करू. जुनाट खोकला असतो, जुनाट विचार असतात. शब्दातच नापसंती आहे, आणि तुमचे मित्र तर त्या गाडीवर जीव टाकताहेत.

'व्हिंटेज'चं कारण वेगळं आहे. हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, अमुक सालच्या पिकाची वाइन सांगणारा. म्हणजे त्यात वय खरं असावं लागतं. आपल्याकडे तर २०२१पासून याला कायद्याचाच आधार आहे : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, आणि तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. एन व्हिजन ७४ लोकांसमोर आली २०२२च्या जुलैमध्ये. तिला व्हिंटेज म्हणणं म्हणजे पाळण्यातल्या बाळाला आजोबा म्हणणं.

आता 'रेट्रो'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'मागे'. १९७०च्या दशकात फ्रेंचांनी 'रेत्रोस्पेक्तिफ' या शब्दाचं हे लघुरूप आधीच्या दशकांची आठवण करून देणाऱ्या कपड्यांना आणि सिनेमांना लावलं आणि तिथून ते जगभर गेलं. त्या लांब शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे, 'पूर्वलक्षी'. व्युत्पत्तीने बिनचूक. पण तो शब्द शासन निर्णयांत इतका मुरला आहे की 'पूर्वलक्षी गाडी' वाचताना डोळ्यांसमोर वेतनाची थकबाकीच येईल. जिथे शब्द राहतो त्या घराचा वास त्याला लागतोच. म्हणून 'पूर्वलक्षी' नको.

कोणी 'जुन्या घाटाची' सुचवेल. फार देखणा शब्द. पुण्याच्या तांबट आळीत नव्याने ठोकलेलं तांब्याचं भांडंही 'जुन्या घाटाचं' असू शकतं, म्हणजे वस्तू नवी आणि आकार जुना, हे त्यात छान बसतं. पण गाडीच्या शेजारी 'घाट' आला की मराठी वाचक आधी खंडाळ्यात पोचतो. भांड्यांसाठी, दागिन्यांसाठी तो अवश्य वापरावा.

आता तुमचं 'वळण'. 'जुन्या वळणाची' हे विशेषण आपण माणसांना लावतो : जुन्या वळणाची बाई, जुन्या वळणाचं घर. त्यात राहणी, रीत, मनाची ठेवण जुनी असते. या गाडीची रीत मात्र अजिबात जुनी नाही. हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल आणि बॅटरी मिळून तिच्या मागच्या चाकांना ५०० किलोवॉटहून जास्त ताकद देतात, पाच मिनिटांत टाकी भरते आणि सहाशे किलोमीटरहून अधिक पल्ला मिळतो, असं कंपनी सांगते. तिला जुन्या वळणाची म्हटलं तर तिचं अर्धं सत्य झाकलं जातं.

पण विशेषण सोडा आणि क्रियापद घ्या. 'नात अगदी आजीच्या वळणावर गेलीय' असं आपण घरोघरी म्हणतो. नातीचा चेहरा तिचा स्वतःचा असतो. नाकाची ठेवण, मान वळवायची लकब, हसताना बारीक होणारे डोळे, कुठून तरी आजी डोकावते. इंग्रजीला 'रेट्रो'तून जे सांगायचं असतं, ते मराठीने या दोन शब्दांत केव्हाच सांगून ठेवलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

या गाडीला हा शब्द किती चपखल बसतो ते बघा. १९७४ साली तुरीनच्या मोटर शोमध्ये ह्युंदाईने 'पोनी कूपे' नावाची कॉन्सेप्ट कार मांडली होती. आकार दिला होता इटलीच्या जोर्जेत्तो जुजारो यांनी. पाचरीसारखं टोकदार नाक, गोल दिवे, कागदाला घड्या घालाव्यात तशा सरळ रेषा. तिच्यासोबतची साधी पोनी पुढे कोरियाची मोटार म्हणून रस्त्यावर आली, पण कूपे कधी विक्रीला आली नाही आणि तो मूळ नमुनाही पुढे हरवला. २०२२च्या गाडीने तिच्याकडून बाजूची ठेवण घेतली, दारामागचा रुंद खांब घेतला, सपाट स्वच्छ पत्रे घेतले. गोल दिवे मात्र घेतले नाहीत. तिथे चौकोनी ठिपक्यांचे पिक्सेल दिवे आहेत. डोळे स्वतःचे, ठेवण आजीची.

तुमच्या मंडळात कोणी तरी 'ही तर डिलोरियन या जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल' असंही म्हणालं असेल. ही गाडी पाहिल्यावर हे मत हमखास ऐकू येतं. पण १९८१ची डिलोरियनही जुजारो यांचीच, आणि तिच्यात पोनी कूपेचे धागे आहेत. म्हणजे साम्य आहे ते एकाच घराण्यातलं. वळणाचं पाणी वळणानेच आलं.

मग नावं ठेवणाऱ्यांनी कोणता शब्द वापरावा? कारण रेट्रोवर चिडणारे गाडीप्रेमीही पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. २०२१ साली लॅम्बोर्गिनीने 'काउंटाश' हे नाव आणि रूप पुन्हा आणलं, तेव्हा मूळ काउंटाश घडवणाऱ्या मार्चेल्लो गांदिनी यांनी आपला त्या गाडीशी संबंध नसल्याचं जाहीर केलं. आपली प्रत्येक गाडी आधीच्यापेक्षा वेगळी, नवी असावी यावर आपण उभं आयुष्य काम केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. या टीकेसाठी मराठीत 'कित्ता गिरवणे' आहे. आणि इथे मला फार आनंद होतो, कारण दोन्ही शब्द पाटीवरचेच आहेत. मूल आधी कित्ता गिरवतं, बाईंच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवतं. मोठं झालं की त्याच्या अक्षराला स्वतःचं वळण येतं, ज्यात बाईंचं अक्षर पुसट दिसत राहतं. गाडीप्रेमींचा सगळा वाद एवढाच आहे की समोरची गाडी गिरवलेली आहे की तिला वळण आहे. मला विचाराल तर एन व्हिजन ७४ला वळण आहे. गांदिनींच्या बाजूनेही मी उभा राहीन, कारण स्वतःच्या अक्षरावरून दुसऱ्याने पेन्सिल फिरवलेली कुणाला आवडेल?

एक बारकावा राहिला. २०२३च्या मे महिन्यात इटलीत कोमो सरोवराकाठी ह्युंदाईने मूळ पोनी कूपे पुन्हा बनवून दाखवली, तीही जुजारो यांच्याच हातून. तिला 'रेट्रो' म्हणू नये, आणि 'प्रतिकृती' म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. त्याच हाताने तेच पुन्हा केलं, तर 'पुन्हा घडवलेली' म्हणावं.

आपल्याकडचं उदाहरण घालून बघायचं तर आकुर्डीच्या बजाजची चेतक घ्या. १९७२ची पेट्रोलची चेतक आणि २०२० साली आलेली विजेवरची चेतक शेजारी उभ्या करा. नवीला आवाज नाही, धूर नाही, किक नाही. तरी पुढच्या एप्रनचा आणि बाजूच्या फुगीर पत्र्याचा गोलवा पाहून घरातलं वडीलधारं माणूस म्हणेलच, आपल्या जुन्या चेतकच्या वळणावर गेलीय.

तर मथळ्यात जागा कमी असेल तेव्हा 'रेट्रो' खुशाल लिहा, तो आता मराठी झाला आहे. विशेषण मराठीच हवं असेल तर 'जुन्या धाटणीची नवी गाडी' लिहा, त्यातला 'नवी' गाळू नका. आणि मित्रांशी वाद घालताना म्हणा, 'पोनी कूपेच्या वळणावर गेलेली'. समोरचा 'छे, नुसती गिरवलीय' असं म्हणाला, तर वाद अस्सल मराठीत सुरू झाला.