पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्या मुलांना काय दाखवावे?

प्रश्न : मी अनेक वर्षांपासून पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवीत आहे. दहावीतील एक मुलगी आणि तिचा वर्गमित्र सुट्टीत दवाखान्यात येऊन शिकू इच्छितात. दोघांनाही प्राण्यांची आवड असल्याने पशुवैद्यक व्हायचे आहे. त्यांना काही काम द्यावे, की नुसते पाहू द्यावे? या व्यवसायाची कटू बाजू या वयात त्यांच्यासमोर आणावी का?

उत्तर : पाहू द्यावे, पण ‘नुसते’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा. जनावराला हात लावण्यापूर्वी लांबून निरखणे हा तपासणीचा पहिला भाग असतो आणि नव्या पदवीधरांकडूनही नेमका तोच राहून जातो. बाहेर मालकाजवळ निवांत बसलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटभर मोजायला सांगा आणि तेच कुत्रे टेबलावर ठेवल्यानंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन आकड्यांत पडलेला फरक आजाराचा, की भीतीचा, हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला, तर त्या दिवसापुरते शिक्षण झाले असे समजावे. कुत्र्याचे ३८.५ अंश सेल्सिअस तापमान पाहून ‘याला ताप आहे’ असे ती म्हणतील, तेव्हा लगेच दुरुस्ती न करता माणसाचे आणि कुत्र्याचे नेहमीचे तापमान शोधून आणायला लावा.

काही बाबतींत मात्र सवलत नको. क्ष-किरण तपासणीच्या वेळी मुले खोलीबाहेरच असावीत. किरणोत्सर्गाशी संबंधित कामात १६ वर्षांखालील कोणालाही घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानके सांगतात. वापरलेल्या सुया, भुलीची औषधे आणि चावऱ्या जनावराला धरणे यांपासूनही त्यांना दूर ठेवावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे संशयित जनावराच्या आसपासही त्यांना फिरकू देऊ नये. हे नियम आई-वडिलांनाही आधीच सांगून त्यांची लेखी संमती घ्यावी.

कटू बाजूविषयी माझे मत स्पष्ट आहे : ती दाखवावी, पण अचानक अंगावर येऊ देऊ नये. असाध्य दुखण्याने पिडलेल्या जनावराला दयामरण द्यायचे असेल, तर आधी मालकाची परवानगी घ्यावी, मग मुलांना काय होणार ते सांगावे आणि नको वाटल्यास कारण न देता बाहेर जाण्याची मोकळीक द्यावी. त्याहून अवघड, आणि म्हणूनच अधिक दाखवण्याजोगा, प्रसंग म्हणजे उपचार उपलब्ध असूनही मालकाला खर्च झेपत नाही तेव्हाचे संभाषण. प्राणी आवडतात म्हणून या वाटेला आलेल्या मुलांना आपला निम्मा दिवस माणसांशी बोलण्यात जातो, हे तिथे कळते.

या व्यवसायाचा आवाका दवाखान्यापुरता नाही, हेही जाता जाता सांगावे. गुराढोरांचा कर्दनकाळ ठरलेल्या बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले; त्यामागे प्रयोगशाळेत लस घडवणारे होते, तसेच गोठ्यागोठ्यांतून ती टोचत फिरणारेही होते. एखाद्या मुलाला जखम पाहून भोवळ येत असेल, पण सूक्ष्मदर्शकापुढून तो उठत नसेल, तर त्याच्यासाठीही इथे जागा आहे.

आणखी एक. दोघांना एकाच दिवशी बोलावू नका. मित्र बरोबर असला की मुले एकमेकांकडे पाहतात. एकटी असली की जनावराकडे पाहतात.