पहिला वॉरगेम (पटावर खेळायचा युद्धाचा खेळ) कोणता घ्यावा?

कोणतं युद्ध आवडतं ते नंतर बघा. आधी समोर कोण बसणार ते ठरवा. एकटेच असाल तर एकट्याने खेळता येणारा गेम शोधा. दोघं असाल तर सरळ 'मेमॉयर ४४' घ्या. डावी, मधली की उजवी फळी हलवायची ते हातातला पत्ता ठरवतो, निकाल फासे लावतात आणि साधारण तासाभरात डाव आटोपतो. हवे ते पत्ते आले नाहीत की मधली फळी नुसती बघत बसते. चिडचिड होते, पण हुकूम वेळेवर न पोचणं खऱ्या सेनापतींच्याही वाट्याला यायचंच! 'अनडॉन्टेड: नॉर्मंडी'ही चांगला. 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' मात्र कितीही कौतुक ऐकलंत तरी आत्ता नको. त्याची नियमावली म्हणजे जाडजूड बाड आहे. खोक्यावर छापलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ पहिल्या डावासाठी धरा.