कांद्याचं तुला ठाऊक

प्रश्न : आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी कॉटेज मीटिंग, म्हणजे ख्रिस्ती मंडळींची घरगुती प्रार्थनासभा, असते. आळीपाळीने सगळ्यांना प्रार्थना करावी लागते. सासूबाई ‘हे परमपवित्र, कनवाळू, दयाघन, सनातन पित्या’ अशी सुरुवात करतात, ती दहा मिनिटं थांबत नाही. माझी पाळी आली की तोंडाला कोरड पडते. मी दहावी शिकलेली, घरून डबे करून देते. हल्ली फोनवर आलेल्या प्रार्थना वहीत उतरवून पाठ करते, पण त्या म्हणताना दुसऱ्याची साडी नेसल्यासारखं वाटतं. धाकट्याला चार दिवस ताप आहे. पोळ्या लाटताना मी नुसतं ‘देवा, ह्याचा ताप उतरव रे’ एवढंच म्हणते. ही प्रार्थना धरतात का?
— एक वाचक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, सलाम. धरतात. तुमची पोळी तव्यावर असेल म्हणून हे आधीच सांगून टाकतो. बाकीचं सावकाश वाचा.

मी एकतीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो. सासूबाईंना नावं ठेवणार नाही, कारण त्या दुकानाचा जुना मालक मीच आहे. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. मी प्रार्थना करायला लागलो की बाया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मी एक डोळा किलकिला करून तो पदर बघायचो. खोटं कशाला सांगू?

एका वर्षी हंगामाच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला देवळात (आपल्या चर्चमध्ये) बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या असं काय काय आलं होतं. एका शेतकऱ्याला मी प्रार्थना करायला सांगितलं. तो उभा राहिला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, “देवा, बाजरी बरी झाली. कांदा सडला. कांद्याचं तुला ठाऊक. आमेन.” झालं, बसला खाली. मला ते उघडंबोडकं वाटलं. मी लगेच उठून त्याच्याच प्रार्थनेला झालर लावली : कृपेचा वर्षाव, आशीर्वादाची सुगी, सगळं घातलं. बाहेर पडताना त्याने विचारलं, “पाळकसाहेब, माझं म्हणणं वर पोचलं नव्हतं का?” मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या कांद्याबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो, हे माझ्या ध्यानात आलं ते रात्री जेवताना.

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना आठवा. मूल नाही म्हणून शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज मुळीच नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय! एवढा अनुभवी याजक, पण समोर चाललेली खरी प्रार्थना त्याला ओळखू आली नाही. त्या सणाच्या दिवशी एली मी होतो. आणि येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढंच म्हणाला. दयाघन, सनातन वगैरे लावत बसला असता तर नाकातोंडात पाणी गेलं असतं.

साधे शब्द म्हणजे अडाण्याचे शब्द, असं मात्र मनात आणू नका. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कोलकात्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या त्यांच्या संस्कृतच्या जोरावर. जड शब्दांचा त्यांना काय तोटा! पण त्याच बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन या संस्थेत बायबलचं भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत करत बसल्या. छपाईचे खिळे जुळवायला नि छापायला तिथल्याच बाया. १९२२ साली रमाबाई वारल्या, तोवर हेच काम चालू होतं. सोपं लिहायला त्यांना अख्खं म्हातारपण लागलं.

आपल्या मराठीत आणखी एक गंमत आहे. माझ्या लहानपणी आम्ही वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणायचो आणि आईला ‘अगं आई’. मग येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत काय म्हणतो? ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ हाक बापाची, बोलणं आईशी बोलतो तसं. आणि मागायचं काय, तर ‘आमची रोजची भाकर’. तुमचं ‘ताप उतरव रे’ याच घरातलं आहे.

पाठ केलेली प्रार्थना खोटी, असं मी म्हणत नाही. प्रभूची प्रार्थना आपण सगळे पाठच म्हणतो. उलट, आयत्या वेळी सुचलेल्या प्रार्थनेतही लबाडी शिरते. ‘प्रभू, काही जणांना सभेला वेळेवर यायची बुद्धी दे’, ही देवाशी बोलणी नव्हेत, हे दारात चप्पल काढणाऱ्याला बरोबर कळतं. तेव्हा ती वही फेकू नका. तीतलं एखादं वाक्य आपलं वाटलं तर ठेवा, साडी परक्याची वाटली तर परत करा.

येत्या बुधवारी पाळी आली की पोराचं नाव घ्या, तापाचं सांगा, आमेन म्हणा आणि बसा. खोलीत थोडा वेळ कोणी बोलणार नाही, त्याला घाबरू नका. माझ्यासारखा कोणी झालर लावायला उठला तर लावू द्या.

आणि चार दिवस ताप म्हणजे डॉक्टरांना दाखवलंच असेल; नसेल तर आजच न्या, बुधवारची वाट बघू नका. उतरल्यावर एक कार्ड टाका.