विज्ञानकथांच्या मालिका बघताना चुका आणि ओळखीचे नट शोधायची सवय मोडावी का?

तुम्ही विचारलंय, की अशा मालिका बघताना कथेतल्या चुका आणि आधी कुठंतरी पाहिलेले नट सारखे डोळ्यांत भरतात, त्यामुळं गुंगून जाता येत नाही, तर ही सवय मोडावी का? मुळीच मोडू नका.

मला ही सवय आईनं लावली. आम्ही सांगलीचे, गावभागातले. आईचं सगळं तरुणपण भावे नाट्यमंदिरात नाटकं बघण्यात गेलेलं. 'शक्तिमान' लागायचं तेव्हा ती टीव्हीकडं पाठ करून शेंगा फोडत बसायची. एका रविवारी तमराज किल्विष बोलायला लागला आणि तिचे हात थांबले. "अरे, हे तर द्रोणाचार्य!" मी दर आठवड्याला बघत होतो, पण त्या वेशात मला सुरेंद्र पाल ओळखू आले नव्हते. तिनं मान न वळवता ओळखलं. शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना, 'महाभारता'तले भीष्म. तिथं एकाच बाजूनं लढलेले दोघं इथं वैरी. त्या दिवसापासून मी ती मालिका दुप्पट आवडीनं बघितली. चेहरा रंगवता येतो, पण शब्दावर वजन द्यायची लकब लपत नाही, हे तेव्हा कळलं.

'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या अमेरिकन मालिकांमध्ये जेफ्री कोम्ब्स या नटाला असंच ऐका. त्यांतल्याच 'डीप स्पेस नाइन'मध्ये तो गोड बोलणारा वेयूनही आहे आणि मोठ्या कानांचा खत्रूड ब्रंटही. १९९९च्या एका भागात तर दोन्ही पात्रं आहेत.

आता चुकांचं. शक्तिमाननं चष्मा लावून गंगाधरचं रूप घेतलं की गीताला तो ओळखू येत नाही, याला मी चूक म्हणत नाही. ती मालिकेनं पहिल्यापासून घातलेली अट आहे. नाटकात रंगवलेल्या पडद्याला आपण जंगल मानतोच की. मालिकेनं स्वतःच घातलेली अट मोडली, तर ती चूक.

माझं आवडतं उदाहरण १९६६चं. मूळ 'स्टार ट्रेक'च्या एका भागात माणसांना क्षणात इकडून तिकडं पोचवणारं ट्रान्सपोर्टर यंत्र बिघडतं. अंतराळ जहाजावरचा अधिकारी सुलू आणि सोबतचे लोक रात्री गोठत चाललेल्या ग्रहावर अडकतात, शस्त्रानं दगड तापवून ऊब घेतात. वर जहाज फिरतंय. मग छोटं शटल यान पाठवून त्यांना उचलत का नाहीत? कारण तोवर मालिकेत शटल आलेलंच नव्हतं, ते पुढच्या भागांत आलं. खरी गंमत याच्याही मागं आहे. दर आठवड्याला अख्खं जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून तर ट्रान्सपोर्टर आणला. पण माणूस एका क्षणात सुटू शकतो म्हटल्यावर संकट टिकणार कसं? मग कधी वादळ आणा, कधी यंत्र बिघडवा. एक भोक धरून मागं गेलं की थेट निर्मात्याच्या पैशाच्या पिशवीपर्यंत पोचता येतं. ही माणसं किती कमी साधनांत काम करत होती, हे दिसलं की मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

कधीकधी लेखक स्वतःच टाका घालतात. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा नायक डॉक्टर मरायला टेकला की नवा चेहरा घेतो, म्हणजे नट बदलतो. तिच्या २००८च्या, पॉम्पेई या जुन्या रोमन शहरावरच्या भागात पीटर कपाल्डी रोमन गृहस्थ होता. २०१३ला तोच डॉक्टर झाला. लोकांनी चेहरा ओळखला. २०१५ला लेखकांनी ती ओळख कथेतच घेतली: लोकांना वाचवायचं असतं याची स्वतःला आठवण राहावी, म्हणून डॉक्टरनं तो चेहरा घेतलेला असतो. ओळखीच्या नटाचं असं सोनं केलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

तो २००८चा भाग जरूर बघा. त्यात चेहरा रंगवलेली एक भविष्य सांगणारी आहे. ती केरन गिलन, पुढं २०१०पासून डॉक्टरची सोबतीण झालेली. ती बोलायला लागली की डोळे मिटून ऐका.